माझी कोरडी गादी

गेल्या जूनमध्ये आम्ही पनवेलहून उरणला बिऱ्हाड हलवलं. चारफाट्याजवळ असा पाऊस कोसळला की टेम्पोतल्या सगळ्या गाद्या चिंब! कपाटाचा आरसा फुटला. नव्या घरात दूध उतू घालवायला ठेवलं, तर तेही नासलं.

तिसऱ्या दिवसापासून खाज. आज्जीच्या हातावर ओळीने लाल गांधी. "खाडी, मिठागरं, खारफुटी... इथे डास असणारच," बाबा म्हणाले. कॉइल लावली, मच्छरदाणी आणली. पण मच्छरदाणीत झोपणाऱ्या आज्जीलाच सगळ्यात जास्त चावत होतं!

मला मात्र त्या गांधी ओळखीच्या होत्या. (हॉस्टेलवाल्यांनो, तुम्हीही ओळखलं असेलच.) सुट्टीला येताना माझी हॉस्टेलची गादी मी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणली होती. त्यामुळे तेवढीच कोरडी राहिली, आणि म्हणून ती आज्जीला दिली होती. तरी मी गप्प. चार दिवस सगळे डासांना शिव्या देत होते आणि मी माना डोलावत होतो.

आज्जीला मधुमेह. खाजवून खाजवून मनगटाजवळ जखम झाली, तेव्हा मात्र राहवेना. आईला सांगितलं, "डास नाहीत, ढेकूण आहेत. माझ्या गादीतले."

आई काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. चादरी, कपडे उकळत्या पाण्यात. खाटेच्या फटींतही उकळतं पाणी. ढेकूण उपाशीपोटी महिनोन्‌महिने जगतो, त्यामुळे गादी नुसती गुंडाळून ठेवून भागणार नव्हतं, आणि पावसात कडक ऊन कुठलं? टाकूनच दिली. खाजेवर थंड पाण्याच्या पट्ट्या आणि कॅलामाइन.

जखम भरायला तीन आठवडे लागले. ड्रेसिंग रोज मीच करायचो. आज्जी हात पुढे करून म्हणायची, "ये रे, ढेकणांच्या मालका!"