सहावा खंड कोणत्या माळेत?

अकोल्यातील सरकी-ढेपेचे एक निवृत्त व्यापारी आपल्या थोरल्या भगिनीसाठी ग्रंथांच्या अंकीय प्रती लावीत आहेत. भगिनी अमरावतीस असतात. वय ब्याऐंशी, दृष्टी मंद. पडद्यावर अक्षर हवे तेवढे मोठे होते, म्हणून खंडित झालेला स्वाध्याय पुन्हा सुरू झाला. त्यांनी हाती घेतले ते षट्खंडागम. डॉ. हीरालाल जैन यांनी संपादिलेला त्याचा पहिला भाग, धवला टीकेसह, १९३९ साली अमरावतीहूनच प्रसिद्ध झाला होता.

१९५८पर्यंत सोळा भाग निघाले. परंतु धवला टीका पहिल्या पाच खंडांवरच आहे. सहावा खंड, म्हणजे ‘महाबंध’, भारतीय ज्ञानपीठाने मूर्तिदेवी ग्रंथमालेत निराळ्या सात भागांत काढला. ‘कॅलिबर’ प्रणालीत मालिकेचा मूळ रकाना एकच असतो. पुतण्याने महाबंधापुढे ज्ञानपीठाची माळ लिहिली आणि षट्खंडागमाची यादी सोळाव्या भागाशी थांबली. भगिनींनी दूरध्वनीवर विचारले, “सहा खंड म्हणतेत ना बाप्पा, मंग पाचातच कसं सरलं?”

पुतण्याने प्रती दुबार करण्याचा उपाय सुचविला. तो काकांनी मोडीत काढला, आणि योग्यच केले. वाचनाच्या खुणा एका प्रतीत राहतात, दुसरी कोरीच. खतावणीत हा घोळ होत नाही. व्यवहार एकच, पण तो दोन खात्यांवर चढतो. कॅलिबरमध्येही मालिकेचा आणखी एक रकाना स्वतः जोडता येतो आणि त्यात क्रमांकही निराळा देता येतो. नुसती खूणचिठ्ठी लावली तर नाव दिसते, क्रम नाही. आणि स्वाध्यायात क्रमच महत्त्वाचा. आता महाबंधाचा पहिला भाग ज्ञानपीठाच्या खात्यात पहिला आणि षट्खंडागमाच्या खात्यात सतरावा आहे.

पुष्पदंताच्या ‘जसहरचरिउ’ने मात्र नवा पेच घातला. प. ल. वैद्य यांनी संपादिलेला हा ग्रंथ १९३१ साली कारंजा ग्रंथमालेत निघाला. १९७२ची आवृत्ती ज्ञानपीठाची. संग्रहात प्रत आहे ती दुसरी. कारंजाच्या शास्त्रभांडारांनी पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या जपल्या, तर त्या गावाचे नाव यादीतून का गळावे, हा काकांचा प्रश्न. आणि जी आवृत्ती संग्रही नाही तिची माळ का लिहावी, हा पुतण्याचा. तूर्त कारंजाची नोंद शेऱ्याच्या जागी आहे.