नऊ हजार डॉलरची चायनीज रॅली बाईक

'चायनीज' या शब्दाला आपल्याकडे दोनच अर्थ आहेत. एक म्हणजे कोपऱ्यावरच्या गाडीवर मिळणारं लालभडक शेजवान प्रकरण. आणि दुसरा म्हणजे "घेतलंस खरं, पण टिकेल का रे?" मोटरसायकलच्या बाबतीत दुसराच अर्थ लागू होतो. मी स्वतःही आत्तापर्यंत तोच लावत आलोय, उगीच साळसूदपणाचा आव कशाला आणू.

तर मंडळी, गेले काही महिने माझ्या डोक्यात एक गाडी घर करून बसली आहे. नाव कोव्ह ४५० रॅली. चीनमध्ये चोंगकिंग नावाचं अवाढव्य शहर आहे, तिकडे आपल्या पिंपरी-चाकणसारखं मोटरसायकलचं सगळं जग वसलेलं आहे (लोनसिन, झोंगशेन, लिफान सगळे तिथलेच). कोव्ह तिथलीच. झांग श्वे नावाच्या, मुळात गॅरेजात मेकॅनिक म्हणून हात काळे केलेल्या माणसाने २०१७ साली ही कंपनी काढली. आणि जानेवारी २०२३ मध्ये सौदी अरेबियातल्या डकार रॅलीत तीन चिनी रायडर तीन कोव्ह घेऊन उतरले आणि तिघेही शेवटपर्यंत पोचले! सुमारे साडेआठ हजार किलोमीटर, वाळू, दगड, पाऊस, सगळं. नंबर वगैरे पुढचे नव्हते, पण डकारमध्ये पहिल्याच वर्षी तीनपैकी तीन गाड्या पोचवणं म्हणजे खायचं काम नाही. तिथे मोठमोठ्या फॅक्टरी टीमच्या गाड्या ट्रकवर चढवून परत न्याव्या लागतात.

त्याच गाडीची रस्त्यावर चालवता येईल अशी आवृत्ती अमेरिकेत २०२३ साली आली तेव्हा किंमत होती नऊ हजार डॉलरच्या आसपास. केटीएमची ४५० रॅली रेप्लिका साधारण तिप्पट किमतीला जाते, आणि ती घ्यायला रेसर लागतो. माझ्यासारख्या सोमवार ते शुक्रवार हापिसात खुर्ची उबवणाऱ्याचं ते काम नाही.

आता 'रॅली बाईक' म्हणजे नक्की काय हे जरा सांगतो, कारण हल्ली उंच काच आणि चोच लावलेल्या कुठल्याही गाडीला लोक रॅली म्हणतात. डकारमध्ये २०११ पासून इंजिन ४५० सीसीच्या वर चालत नाही. म्हणजे ताकदीला मर्यादा आली. मग फरक कशात पडणार? वजनात, शॉकअप्समध्ये आणि पेट्रोल कुठे ठेवलंय यात. दिवसाला पाचशे-सातशे किलोमीटर जायचं तर तीस लिटर पेट्रोल लागणार. ते सगळं एकाच टाकीत वर ठेवलं तर गाडी डोक्याने जड होते, वळणावर कलंडायला बघते. म्हणून ते वाटून ठेवतात, पुढे दोन्ही बाजूंना खाली उतरणाऱ्या टाक्या आणि एक मागे सीटखाली. कोव्हमध्ये अशा तीन टाक्या मिळून जवळजवळ तीस लिटर मावतं. हँडलच्या पुढे उभा मनोरा असतो तो शोभेचा नाही, रायडर उभ्याने चालवताना मान न वाकवता नकाशा दिसावा म्हणून आहे. आणि शॉकअप्सचा प्रवास तीनशे मिलिमीटरच्या घरात, म्हणजे चाक जवळजवळ एक फूट वरखाली होऊ शकतं.

आपल्याकडच्या गाड्यांशी ताडून बघायचं तर नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेली नवी हिमालयन घ्या. ४५२ सीसी, ४० हॉर्सपॉवर, वजन १९६ किलो. कोव्ह ४४९ सीसी, सुमारे ४२ हॉर्सपॉवर, आणि कंपनी वजन सांगते १४५ किलो. बापरे, ५१ किलोचा फरक! पण थांबा, इथे एक जुनीच मखलाशी आहे. १४५ हे कोरडं वजन. त्यात पेट्रोल नाही, ऑइल नाही, कूलंट नाही. तीस लिटर पेट्रोलचेच बावीस किलो होतात. म्हणजे टाकी फुल केली की आकडा १७० च्या आसपास. हिमालयनचा १९६ मात्र पेट्रोलसकट आहे. तरीही पंचवीस किलोचा फरक उरतोच, आणि तोही जवळजवळ दुप्पट पेट्रोल घेऊन. हे मात्र खरंच सॉलिड आहे.

इथे फिनिक्समध्ये एका ओळखीच्या माणसाकडे ही गाडी आहे. दोन शनिवार त्याच्याबरोबर जाऊन ती चालवून पाहिली. त्याचं नाव-गाव राहू दे, त्याच्या बायकोला गाडीची खरी किंमत अजून माहीत नाही.

जागा फोर पीक्स रोड. हायवे ८७ सोडला की सुरू होणारा कच्चा रस्ता, टोंटो नॅशनल फॉरेस्टमधून वर चढत जातो. दोन्ही बाजूंना सग्वारो निवडुंग, त्यातले बरेचसे काळे पडलेले. जून २०२० मध्ये इथे जवळच एका गाडीने पेट घेतला आणि एक लाख नव्वद हजार एकरांहून जास्त जंगल जळालं. इथे सायलेन्सरमध्ये स्पार्क अरेस्टर सक्तीचा आहे. कोणतीही डर्ट बाईक घेताना आधी तो आहे का ते बघा, बाकी गोष्टी नंतर.

पहिली भेट अर्थातच सीटशी. मी पाच फूट सहा इंच. उंच मॉडेलची सीट ९६० मिलिमीटर, म्हणजे माझ्या कमरेच्या वर! स्टँडवर असतानाच फुटरेस्टवर पाय देऊन घोड्यावर चढतात तसं चढायचं, आणि थांबताना कुठे दगड किंवा उंचवटा आहे का हे आधीच हेरून ठेवायचं. एका पायाचा चवडा कसाबसा टेकतो. सिग्नलला उभं राहणं हा एक वेगळाच योगाभ्यास आहे. पण चाकं फिरायला लागली की हे सगळं विसरायला होतं. गाडी मांड्यांमध्ये इतकी अरुंद आहे की तीस लिटर पेट्रोल कुठे लपवलंय असा प्रश्न पडतो.

या रस्त्यावर काही ठिकाणी पत्र्याच्या पन्हळीसारख्या आडव्या लाटा पडलेल्या आहेत. माझ्या जुन्या गाडीवर तिथे दातांचं भरलेलं सिमेंट निघेल की काय असं वाटतं. हिच्यावर उभं राहून थोडा वेग वाढवला की गाडी लाटांच्या माथ्यांवरून निघून जाते. चाकं खाली धडधडत असतात, हँडल मात्र शांत. एक फूट प्रवासाचे शॉकअप्स म्हणजे काय ते आकडे वाचून कळत नाही, इथे कळतं. वाळूच्या ओढ्यात पुढचं २१ इंची चाक आपला मार्ग स्वतः शोधतं, आपण फक्त हात सैल सोडायचे आणि ॲक्सिलरेटर मिटायचा नाही.

इंजिन मात्र गोड बोलणारं नाही. ९४.५ मिलिमीटर बोअर आणि ६४ स्ट्रोक, म्हणजे रुंद आणि आखूड. असं इंजिन वरच्या आरपीएमला खुलतं आणि खाली कुरकुरतं. दगडांच्या चढावर चालण्याच्या वेगाने जायचं असेल तर क्लचवर दोन बोटं कायम हवीत. बुलेटसारखं 'धक धक' करत चढवीन म्हणाल तर ते होणे नाही. परत येताना हायवेवर शंभर-एकशेदहाला ती आरामात जाते, सहावा गिअर आहे, पण सीट म्हणजे फळी. तासाभराने आपण नक्की कुठल्या अवयवावर बसलो आहोत हे कळेनासं होतं.

एक चाचणी आम्ही मुद्दाम केली. टाक्या अर्ध्याहून जास्त भरलेल्या असताना मऊ मातीत गाडी सावकाश आडवी झोपवली आणि मी एकट्याने उचलली. पहिली वेळ, ठीक. दुसरी, हाशहुश्श. तिसऱ्या वेळेला पाठीने स्पष्ट शब्दांत सांगितलं की चौथी नको. ही चाचणी कुठल्याही शोरूममध्ये करू देत नाहीत, आणि एकट्याने वाळवंटात जाणाऱ्यासाठी यापेक्षा महत्त्वाचा आकडा दुसरा नाही. माझा आकडा तीन.

हे 'एकट्याने' प्रकरणच सगळ्याच्या मुळाशी आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरेनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या वर होता. अशा प्रदेशात रस्त्यापासून चाळीस किलोमीटर आत गाडी बंद पडली तर तो 'ॲडव्हेंचर' राहत नाही. आपल्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर सगळं सुरळीत चालतं तेव्हा गाडी कशी चालते हे मी दोन शनिवारांत बघितलं. ती काय चुकल्यावर कशी वागते आणि चुकल्यावर पार्ट कधी मिळतो, हे कळायला वर्षं लागतात. होंडाने ती वर्षं कधीच भरून ठेवली आहेत. कोव्हची आत्ता कुठे सुरू झाली आहेत.

म्हणून मी एक साधा उद्योग केला. वेगवेगळ्या राज्यांतल्या तीन दुकानांना फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला: "फ्युएल पंप आणि ब्रेक लिव्हर आज हवे असतील तर कधी मिळतील?" एकाने लिव्हर आहे, पंप आठवड्यात येईल म्हणून सांगितलं. दुसऱ्याने तीन आठवडे. तिसऱ्याने मलाच विचारलं, "गाडी घ्यायची आहे की पार्ट?" यातून काय तो निष्कर्ष काढा. माझा असा, की गाडी कुठल्या देशाची यापेक्षा ती कुठल्या दुकानातून घेतली हे इथे जास्त महत्त्वाचं आहे.

कंपनी उद्या राहील का, ही दुसरी शंका. झांग श्वे २०२४ मध्ये कोव्हमधून बाहेर पडला आणि त्याने स्वतःच्या नावाची नवी कंपनी काढली. संस्थापक गेला की काय होतं हे आपल्या धंद्यात आपण पाहतोच. पण मग तसं बघितलं तर केटीएमसारखी डकार अठरा वर्षं सलग जिंकलेली कंपनी नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्जाखाली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि २०२५ मध्ये आपल्या बजाजच्या पैशांवर उभी राहिली. तेव्हा शाश्वत असं काही नाही.

बजाजवरून आठवलं. आमच्या इथे एक निवृत्त गोरे काका आहेत, त्यांच्याकडे केटीएम ३९० ॲडव्हेंचर आहे. कोव्हचं नाव काढलं की ते मान हलवतात, "चायनीज इंजिनवर मी वाळवंटात जाणार नाही." मी त्यांना सांगितलं की काका, तुमची ऑस्ट्रियन गाडी आमच्या चाकणला बनते, पुण्याहून तासाभरावर. ते क्षणभर गाडीकडे असे बघत राहिले की जणू तिनेच त्यांना फसवलंय :-) मग म्हणाले, "पण ही चांगली आहे." मी म्हटलं, होय, चांगली आहेच. बीएमडब्ल्यूच्या एफ ८५० जीएसचं इंजिन चोंगकिंगच्या लोनसिनने बनवलेलं, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. एका दिवसाला एवढं पुरे.

'स्वस्त आहे म्हणजे कच्चं असणार' हे वाक्य आपण मीटिंगच्या फोनवर, म्यूट करायला विसरलेल्या क्लायंटच्या तोंडून ऐकलेलं आहे. ऐकून घेताना जो संताप येतो तो आठवला की मी कोव्हला जरा जास्तच मार्क देतो की काय अशी मला शंका येते. तेव्हा ते मार्क काढून टाकून हिशेब केला.

हिशेबातली सगळ्यात टोचणारी ओळ गाडीबद्दल नाहीच. मी एच-वन-बी वर आहे. उद्या नोकरी गेली तर साठ दिवस. त्या साठ दिवसांत दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर भाड्याचं घर, फर्निचर आणि गाड्या विकून निघायचं. होंडाची सीआरएफ ३०० एल रॅली एका वीकएंडला विकली जाते, कोणी प्रश्न विचारत नाही. २८६ सीसी, हायवेला दम कमी, टाकी १२.८ लिटर, पण डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी. कोव्ह विकायला तिचं वेड असलेला माणूस सापडावा लागतो, आणि तोही माझ्या घाईच्या वेळी. म्हणजे 'लगेच विकायची' किंमत नऊ हजार धरून चालणार नाही, साडेपाच धरावी. साडेतीन हजार डॉलर बुडीत खाती. तेवढे बुडाले तरी परतीचं तिकीट आणि दोन महिन्यांचं भाडं सुटतं का? आकडेमोड तीनदा केली, सुटतं. जेमतेम.

आई म्हणाली, "एवढ्या पैशांत इथे दोन गाड्या येतील." बरोबर आहे तिचं. पण इथे दर वीकएंडला घरापासून पाऊण तासावर जे आहे ते तिथे नाही, आणि ते किती वर्षं माझ्या वाट्याला आहे हे ठरवणारा मी नाही.

तर ठरलंय ते असं. कमी उंचीचं मॉडेल, कारण चवडा नव्हे, पाय टेकायला हवा. लिव्हर आहे आणि पंप आठवड्यात येईल म्हणणाऱ्या दुकानातूनच, जरी तिथे जायला सहा तास गाडी हाकावी लागली तरी. गाडीबरोबर दोन्ही लिव्हर, ब्रेक पॅड, ऑइल फिल्टर आणि एक फ्युएल पंप आधीच घेऊन ठेवायचा. पहिले हजार किलोमीटर कोणी तरी बरोबर असल्याशिवाय डांबर सोडायचं नाही, आणि दर राईडनंतर एकेक बोल्ट पान्याने तपासायचा. मे ते सप्टेंबर एकट्याने अजिबात नाही. ॲरिझोनाचं पंचवीस डॉलरचं ऑफ-हायवे स्टिकर वेगळं. दुकानवाल्याला शुक्रवारी फोन करून ठेवलाय, लाल नको, पांढरी असेल तर कळव म्हणून.