घरातला कर्ता

२०२३ च्या जानेवारीत आमच्या गावच्या वाचनालयाने माझा सत्कार केला. निमित्त लहानसेच होते. महाविद्यालयात मराठी शिकवायला लागून वीस वर्षे झाली, एवढेच. शाल, श्रीफळ झाले आणि उत्तरादाखल मी बोलायला उभा राहिलो. अशा वेळी सगळे जे बोलतात तेच बोललो. वडिलांचे कष्ट, आईचे संस्कार, गुरुजनांचे आशीर्वाद. माझे वडील प्राथमिक शिक्षक. खानापूर तालुक्यातल्या आडगावांतून त्यांनी आयुष्यभर नोकरी केली. गावात त्यांना ‘गुरुजी’ म्हणून मान होता, त्यामुळे त्यांचे नाव घेताच टाळ्याही पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर माझी धाकटी चुलत बहीण चपला घालता घालता म्हणाली, “भाषण छान झालं, दादा. आबा शेवटच्या रांगेत बसले होते.”

एवढेच म्हणाली आणि मुलीला हाक मारत पुढे निघून गेली.

आबा म्हणजे माझे चुलते, वडिलांचे पाठचे भाऊ. आजोबा गेले तेव्हा वडील शिक्षकाच्या ट्रेनिंगला होते आणि आबा चौथीपर्यंत शिकून गुरांमागे होते. कुणीतरी एकाने घरी राहणे भाग होते. कुणी राहायचे यावर घरात चर्चा झाल्याचे मी कधी ऐकले नाही. आबा राहिले.

बेळगावच्या पश्चिमेला १४ किलोमीटरवर आमचे गाव. पावसाचा मुलूख. शेती तीन एकर, त्यातली निम्मी भाताची आणि निम्मी लाल माळाची. येळ्ळूर-वडगावच्या शिवारात बासमती पिकते, मसूर पिकतो, तसली काळी जमीन आमच्या वाट्याला नाही. आमचे भात, थोडा नाचणा आणि माळावर रताळी. तीन एकरांत दोन भावांचे आठ माणसांचे कुटुंब चालत नाही हे आबांनी लवकर ओळखले आणि १९७४ साली एक जुनी ॲटलास सायकल घेऊन त्यांनी दुधाचा धंदा सुरू केला.

पहाटे तीनला ते उठायचे. शेण काढणे, वैरण टाकणे, धारा काढणे. घरच्या दोन दुभत्या म्हशींचे दूध आणि शेजारपाजाऱ्यांचे गोळा केलेले, असे मिळून तीसेक लिटर. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना किटल्या लावून पाचाला गाव सोडायचे. हिंडलगा ओलांडून कॅम्पात, तिथून पुढे सदाशिवनगरापर्यंत रतीब घालत जायचे. कुणाकडे मराठी, कुणाकडे कन्नड, कुणाकडे उर्दू. आम्ही सीमाप्रश्नावर व्याख्याने देतो. आबा मोर्चालाही जायचे आणि दुसऱ्या दिवशी कन्नड घरांच्या दारात ‘हालु’ अशी हाक देऊन दूधही घालायचे. दोन्हींत त्यांना कधी विसंगती वाटली नाही. त्यांचे बाजारचे कन्नड माझ्यापेक्षा आजही चांगले आहे.

नवाच्या सुमारास परत यायचे ते येताना पेंडीचे पोते घेऊन. भाकरी खायची आणि शेतात. मी गणितात कच्चा, पण मध्यंतरी एकदा हिशेब मांडून पाहिला. रोजचे २८ किलोमीटर, १९७४ पासून १९९८ पर्यंत, म्हणजे जुनी मोपेड घेईपर्यंत. आजारपणाचे, सणावाराचे दिवस वगळले तरी दोन लाख किलोमीटरांच्या वर जाते. पृथ्वीला पाच फेऱ्या. आबांना हे सांगितले तर म्हणाले, “त्यात काय? जाताना जड, येताना हलकी. चालतंय की.” पेंडीच्या पोत्याचे त्यांच्या ध्यानातही नव्हते.

शेतीचे दिवस आले की आबा आम्हाला नीट दिसायचेच नाहीत. मेअखेर वळीव झाला की कुरी धरायची, मृगाआधी धूळवाफ पेरणी उरकायची. पेरा साधला तर साधला, नाहीतर मग चिखल करून रोप लावायचे. पोत्याची खोळ पांघरून चिखलात वाकलेली माणसे लांबून सगळी सारखीच दिसायची. त्यातले आबा ओळखायची माझी खूण म्हणजे त्यांची पाठ कधी सरळ झालेली दिसायची नाही. पैऱ्याला आलेल्या बायका चहाला थांबल्या तरी ते बांधावर काहीतरी खुटखुट करत असायचे. पुढे माळावर रताळ्याचे वेल, दिवाळीच्या आगेमागे सुगी, मळणी, पिंजराची गंजी. आणि हे सगळे रतीब सांभाळून. म्हशीला सुट्टी नसते आणि गिऱ्हाईकाला सबब चालत नाही.

जून १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलन पेटले, गोळीबार झाला, रस्ते बंद झाले. मी तेव्हा आठ वर्षांचा. आम्हा पोरांना त्यातले एवढेच कळले की दूध शहरात जात नाही आणि काकू ते आटवून खवा करते आहे. रोज खवा! आम्ही खूश. आबा मात्र चुलीजवळ बसून कढईकडे बघत राहायचे. त्यांनी त्यातला चमचाभर खवा तोंडात घातल्याचे मला आठवत नाही. प्रत्येक कढईत किती रुपये आटले हे त्यांना दिसत असणार.

बेळगावात बी. ए. झाल्यावर १९९९ साली मी एम. ए.साठी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात गेलो. दरमहा मनीऑर्डर यायची. पाठवणाऱ्याच्या जागी वडिलांचे नाव, वडिलांचे वळणदार अक्षर. सुगी झाली की आबा स्वतः तांदळाची अर्धी पिशवी घेऊन एसटीने यायचे, खोलीच्या दारात उभे राहायचे, “आत ये की आबा” म्हटले तर “म्हशी हायत गा घरात” म्हणून त्याच पावली परत.

सत्कारानंतरच्या दिवाळीत घर रंगवायला काढले. माजघरातल्या खिळ्यावर जुन्या दिनदर्शिका एकावर एक टांगलेल्या होत्या. दरवर्षी नवी आली की जुनी काढायची नाही, वरच अडकवायची, ही आबांची पद्धत. तळाच्या पिवळ्या पडल्या होत्या, काहींना वाळवी लागली होती. मी रद्दीत घालण्यापूर्वी चाळायला बसलो आणि दुपारची संध्याकाळ झाली.

चौथी शिकलेल्या माणसाचे टोचे अक्षर. दुधाची मापे. ‘काळी व्याली.’ ‘पेरा झाला.’ ‘खत २ पोती.’ ‘आई तापली.’ मध्येच एका रकान्यात नुसतेच ‘पाऊस नाही’, आणि खाली सलग नऊ दिवस तीच खूण. १९९९ च्या जूनपासून मात्र दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक नोंद होती. ‘को. ६००’. कधी ‘को. ५००’. एकदा ‘को. १५००’.

मी काकूला विचारले, “को म्हणजे काय गं?”

ती हसली. “कोल्हापूर गा. तुझं.”

वडिलांचा पगार घराच्या कर्जात आणि माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नाच्या देण्यात जात होता, हे काकूने सांगितले. वडिलांनी हे माझ्यापासून लपवले असे मी म्हणणार नाही. फॉर्म ते लिहीत, पैसे आबा देत. घरात याला कुणी वेगळे समजत नव्हते. मीही कधी विचारले नाही. घरातून पैसे आले, एवढेच मला माहीत.

पण माझी नजर अडकली ती दुसऱ्याच एका नोंदीवर. त्याच जूनच्या पानावर, ‘को. १५००’ च्या खाली लिहिले होते, ‘धाकटी शिवण ५०’.

त्या वर्षी धाकटी दहावी झाली होती. तिला ६८ टक्के होते. मला दहावीला ६१ पडले होते आणि तेव्हा गावभर पेढे वाटले होते. तिच्या वेळी पेढे वाटले होते का, मला आठवत नाही. मी कोल्हापूरला जायच्या तयारीत होतो. ती शिवणाच्या वर्गाला जाऊ लागली हे मला ठाऊक होते. तिला आवड असेल असे मी धरून चाललो होतो. तीन वर्षांनी तिचे लग्न झाले. त्या लग्नात माझ्या अंगात तिनेच शिवलेला सदरा होता आणि मी तो सगळ्यांना कौतुकाने दाखवत होतो.

संध्याकाळी आबा गोठ्यातून आले. मी ते पान त्यांच्यापुढे धरले. चष्मा लावून त्यांनी ते बराच वेळ पाहिले. मला वाटले, विसरले असतील. नव्हते विसरले.

“दोघांचं झेपत नव्हतं,” ते म्हणाले. “तुला अर्ध्यात आणायचा तर वर्ष वाया. ती पोरीची जात, म्हटलं, शिवण शिकली तर चार पैसे मिळवंल.” मग थोड्या वेळाने, “तिला इचारलं न्हाई मी. इचाराय पायजे होतं.”

मला काही बोलता आले नाही. ज्याच्यासाठी हे झाले तो मीच समोर बसलेला. त्या माणसाला मी ‘तुमचे चुकले’ म्हणणार की ‘नाही चुकले’ म्हणणार? धाकटीला मी रात्री फोन केला. ती म्हणाली, “माहिताय मला. आबांनी लग्नाआधीच सांगितलं होतं. रडले होते तेव्हा.” मग म्हणाली, “मला राग शिवणाचा नव्हता दादा. तू त्या दिवशी नाव घेतलं नाहीस, त्याचा आला.”

आबांचे वय आता पंच्याहत्तरच्या पुढे आहे. मोपेड विकली. गोठ्यात एकच म्हैस आहे आणि दूध गावातल्या डेअरीवर जाते. मी ‘आता पुरे’ म्हटले की ते ‘हो’ म्हणतात आणि पहाटे तीनला उठतात. धाकटीची मुलगी बेळगावात बी. एस्सी. करते. तिची फी मी भरतो असे मी बहिणीला त्याच रात्री सांगितले, आणि तिने हो-नाही करत मान्य केले.

या खेपेला गावी गेलो तेव्हा माजघराच्या नव्या रंगाच्या भिंतीवर तोच खिळा होता. वरची दिनदर्शिका यंदाची. दुधाच्या मापांच्या शेजारी, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लिहिले होते, ‘बे. ५००’.

“आबा, फी मी देतोय ना?” मी म्हटले.

“तू दे की,” आबा म्हणाले. “हे तिच्या बसचं.”