आपाचा नेम

आम्ही दोघी धाकट्या आणि आमची आपा. जुन्या पनवेलच्या मोहल्ल्यात लहानाच्या मोठ्या झालो, लग्न होऊन पांगलो आणि उतारवयात पुन्हा इथंच आलो. फक्त रेल्वेलाइनच्या पलीकडे, सिडकोच्या नवीन पनवेलमध्ये. तिघींची घरं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

लहानपणी आपा गोट्या खेळण्यात वस्ताद होती. मोहल्ल्यातली पोरं तिच्याशी खेळायला कचरत. अंगठा जमिनीला टेकवून, एक डोळा मिटून ती अशी काही गोटी सोडायची, की दहा पावलांवरचा ढब्बू टणकन उडायचा. आम्ही दोघी तिच्या खजिनदार. जिंकलेल्या गोट्या ओढणीच्या पदरात बांधून ठेवायच्या, एवढंच आमचं काम. आपा बारा वर्षांची झाली आणि दादीनं फर्मान काढलं, पोरीच्या जातीला हे शोभत नाही. तो सगळा खजिना दादीनं विहिरीत ओतला. त्याच वर्षी सातवीनंतर आपाची शाळाही सुटली. अम्मी आजारी होती, घर आपानं सांभाळलं आणि आम्ही दोघी शिकलो. आमच्यातली एक शिक्षिका झाली, एक पोस्टात लागली. आमच्या पगारात आपाच्या शाळेचे पैसे आहेत, हे आम्ही कधी विसरलो नाही. पण बोललोही नाही.

2022 साली दुल्हेभाई गेले. इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपले तरी आपा घराबाहेर पडेना. नमाज, तसबीह आणि खिडकी. आम्ही रोज जायचो, चहा प्यायचो, परत यायचो.

अशीच 2 ऑगस्टची दुपार. टीव्हीवर बर्मिंगहॅमचे राष्ट्रकुल सामने चालू होते. हिरव्यागार पट्टीवर आपल्या चार बायका मोठमोठे गोळे घरंगळवत होत्या. आम्ही चॅनेल बदलणार, तोच आपा म्हणाली, "राहू दे गं. हे तर गोट्यांसारखंच आहे."

लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की या चौघींची दक्षिण आफ्रिकेशी अंतिम लढत होती. खेळाचं नाव लॉन बोल. झारखंड, दिल्ली आणि आसाममधल्या या बायका. कुणी पोलिसात, कुणी शाळेत खेळाची शिक्षिका, कुणी वनखात्यात. मधे हातची आघाडी गेली तेव्हा आपा सोफ्याच्या कडेला सरकून बसली. शेवटी 17-10 असा सामना जिंकून त्यांनी सुवर्णपदक घेतलं. या खेळात राष्ट्रकुल सामन्यांतलं भारताचं ते पहिलंच पदक. कित्येक महिन्यांनी आपाच्या तोंडून "माशाल्ला" ऐकलं.

मग आम्हांला नादच लागला. नियम शोधून काढले, आपाला समजावले. ज्यांना नव्यानं शिकायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सपाट कापलेलं गवत, त्याची लांबी 31 ते 40 मीटर. आधी एक छोटा पांढरा किंवा पिवळा चेंडू दूर घरंगळवायचा. त्याला जॅक म्हणतात. मग सतरंजीच्या तुकड्याएवढ्या मॅटवर उभं राहून आपले गोळे जॅकच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे. चौघींच्या खेळात प्रत्येकीला दोन गोळे, म्हणजे एका बाजूचे आठ. सगळे टाकून झाले की ज्या बाजूचा गोळा जॅकला सर्वांत जवळ, गुण तिलाच. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या गोळ्यापेक्षा आपले जेवढे गोळे जवळ, तेवढे गुण. आम्ही वितीनं मोजायचो, तिथं टेपनं मोजतात.

खरी गंमत गोळ्यात आहे. तो पुरता गोल नसतो. एका अंगानं त्याची घडण जरा वेगळी असते, म्हणून तो सरळ जातच नाही. वेग कमी होत जातो तसा तो एका बाजूला जास्त जास्त वळतो. ती बाजू ओळखायला त्यावर लहान वर्तुळाची खूण असते. उजव्या हातानं खेळणारीनं लहान वर्तुळ डावीकडे ठेवून गोळा जॅकच्या उजवीकडे सोडायचा, तो डावीकडे वळत जॅकपाशी येतो. गुडघा वाकवून, हात जमिनीलगत आणून सोडायचा. आपटायचा नाही.

आपाला हे पटेना. आम्ही स्वयंपाकघरातून निमुळता स्टीलचा पेला आणला आणि लादीवर आडवा घरंगळवला. तो अरुंद बाजूकडे गोल वळत गेला. आपानं तो उचलला, पुन्हा सोडला, पुन्हा. चौथ्या खेपेला तिनं तो बरोबर खुर्चीच्या पायापाशी थांबवला.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर ती आपण होऊन खाली उतरली.

आमच्या सेक्टरात लॉन बोलची हिरवळ कुठली असायला? बागेतल्या सपाट जागेत पिवळा टेनिस बॉल हा जॅक आणि रबरी चेंडू हे गोळे. ते बिचारे सरळच जातात, पण जवळ नेऊन थांबवायचा सराव होतो. बुरख्यातल्या तीन म्हाताऱ्या चेंडू घरंगळवतात म्हटल्यावर बघे जमणारच. फिरायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, "या वयात हे काय, आपा?" आपा म्हणाली, "वयाचं नंतर बघू, भाईजान. आधी बाजूला व्हा, माझी रेघ अडवताय."

त्या हिवाळ्यात आपाच्या घरात एक वेगळीच गोष्ट शिजत होती. तिची नात बारा वर्षांची, शाळेच्या खोखो संघातली. आता मोठी झाली, सराव बंद करा, असं घरात चाललं होतं. आम्ही दोघी तिथंच होतो. जन्मभर घरातल्या निर्णयांवर चकार शब्द न काढलेली आपा मुलाला म्हणाली, "माझ्या गोट्या दादीनं विहिरीत टाकल्या. मी रडले नाही. पण बेटा, अजून कधी कधी स्वप्नात त्या विहिरीत वाकून बघते."

घरात कुणी काही बोललं नाही. आमची मात्र मान वर होईना. पन्नास वर्षांत आम्ही तिला एकदाही विचारलं नव्हतं.

नातीचा खोखो चालू राहिला. आपा आता सत्तरीकडे झुकली आहे, गुडघा कुरकुरतो. रविवारी नात बागेत येते, टेनिस बॉल दूर टाकते आणि ओरडते, "दादी, घे!" आपा एक डोळा मिटते. आम्ही दोघी अजूनही खजिनदारच आहोत. चेंडू गोळा करून पिशवीत भरतो आणि पिशवी आपाच्या हातात देतो.