न वाकता फुलणारी बाग

गुडघ्यांची झीज झाली आहे, यापुढे उकिडवे बसायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले तेव्हा मला प्रथम आठवले ते परसातील माझे वाफे. झेंडू, शेवंती, तेरडा यांचे सारे संगोपन बसूनच करावयाचे. हंगाम सरला की उपटा, पुन्हा लावा, पुन्हा निंदा. बाग सुटणार हे दुःख गुडघेदुखीहून मोठे होते आणि ते कुणाजवळ बोलण्याजोगेही वाटेना.

त्याच पावसाळ्यात माहेरी चिपळूणला गेले. न्हाणीच्या सांडपाण्यावर आईने लावलेला सोनटक्का माझ्या खांद्याला लागला होता. तिन्हीसांजेला हिरव्या खवल्यांच्या कणसातून एकेक शुभ्र फूल उमलत होते आणि ते खुडताना मला मुळीच वाकावे लागले नाही. येताना चार कंद ओल्या गोणपाटात गुंडाळून पुण्याला आणले.

सोनटक्का आल्याच्या कुळातला. कंद जमिनीत वर्षानुवर्षे जगतो, पावसाबरोबर नवे दांडे वर पाठवतो. एकदा फुलून गेलेल्या दांड्याला पुन्हा फुले येत नाहीत, तो बुडाशी कापावा लागतो. कर्दळीचेही तसेच. लांब मुठीच्या कात्रीने हे काम उभ्याने होते, हे ज्यांचे गुडघे कुरकुरतात अशा वाचकांना मुद्दाम सांगते.

त्याला ओल आणि अर्धी सावली हवी. हे ठाऊक असूनही सर्वांना दिसावा म्हणून मी तो फाटकाशी, भर उन्हात लावला! ऑक्टोबरात पाने कडेने करपली. उन्हाळ्यात सारेच वाळले तेव्हा तो गेलाच असे मी धरून चालले. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर मातीतून तांबूस-हिरवे कोंब डोकावले, त्या दिवशी मी दोनदा चहा केला.

तिसऱ्या वर्षी कंदांची दाटी होऊन फुले रोडावली. आता ते खणून, तोडून, सावलीत हलवायला हवे होते, आणि हे काम मात्र उभ्याने होत नाही. दोन पावसाळे मी चालढकल केली. घरातील दुसऱ्या माणसाने आयुष्यात कधी मातीला हात लावलेला नव्हता आणि माझ्याच्याने होत नाही हे शब्द माझ्या तोंडून निघत नव्हते. अखेर गेल्या जूनमध्ये म्हणाले, “अहो, एवढे खणून द्याल का?”

“दोन वर्षे काय वाट पाहत होतीस?” म्हणत ते कुदळ शोधू लागले.

मी स्टुलावर बसून सूचना करीत होते, ते चिखलात. आल्यासारखा वास सुटला होता. सर्वांत चांगला कंद त्यांनी कुदळीने दुभंगला तेव्हा मी रागावलेही. बाकीचे पेरूच्या सावलीत गेले, थोडे शेजारच्या वहिनींना दिले. तो दुभंगलेला त्यांनी हट्टाने नळाजवळ लावला आहे, आणि रोज सकाळी चहाआधी ते त्याला पाहून येतात.