दुखवट्याचं पातळ

साठी ओलांडली तरी मी राणी, डाळिंबी, चिंतामणी, पोपटी असे रंग बिनदिक्कत नेसते, ते माझ्या आत्यामुळे. ती इतवारीत राहायची. काका एम्प्रेस मिलमध्ये होते. ते अचानक गेले तेव्हा आत्यानं चाळिशीही गाठली नव्हती आणि पदरात लेकरं होती. मग तिनं साड्यांचा धंदा धरला. गांधीबागेतल्या ठोक व्यापाऱ्याकडून गठ्ठा उचलायचा, महालपासून बर्डीपर्यंत ओळखीच्या घरी पायी न्यायचा, हप्त्यानं द्यायचा आणि हिशेब लाल पुठ्ठ्याच्या वहीत मांडून ठेवायचा.

सुरुवातीला तीही रीतीप्रमाणे राखाडी नाहीतर मातकट नेसायची. पण साडी विकणाऱ्या बाईला घडी दाखवून भागत नाही. पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवावा लागतो. दिवसभर दुसऱ्यांसाठी मोरपंखी, आबोली, अंजिरी असे पदर तिच्या खांद्यावर चढायचे आणि उतरायचे. एका गिऱ्हाइकानं म्हटलं, "बाई, हा रंग तुम्हालाच किती खुलून दिसतो!" त्या रात्री आत्यानं ते पातळ वहीत स्वतःच्याच नावावर मांडलं. पिवळं जर्द होतं.

पुढचं सांगताना अजूनही मला राग येतो. नागपूरबाहेरच्या वाचकांना मारबत ठाऊक नसेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडे काळी आणि पिवळी मारबत अशा दोन प्रचंड पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळीची प्रथा १८८१ सालची, पिवळीची १८८५ सालची. रोगराई, इडापीडा घेऊन जा असा गलका करत लोक त्यांना गावाबाहेर नेऊन जाळतात. आत्या ते पातळ नेसून घरच्या एका कार्याला आली आणि दारातच कुणीतरी म्हणालं, "आली पिवळी मारबत." सगळे हसले. मी लहान होते. हसू की नको, हे मला कळेना. आत्या चपला काढत शांतपणे म्हणाली, "मारबत तर मारबत. तुमच्या घरची इडापीडा घिऊन जाईन. पातळ मात्र नाही बदलत मी." आणि थेट चुलीपाशी जाऊन पोळ्या लाटायला बसली.

वयाला शोभेल असा रंग म्हणजे काय, याचा विचार मी तिच्यामुळे करू लागले. म्हातारपणाचा म्हणून जो फिका रंग आपण मानतो, तो मुळात वयाचा आहे का? कापूस वेचायच्या दिवसांत काटोल किंवा हिंगणघाटच्या वाटेला लागा. सत्तरीच्या बाया गर्द हिरव्या, गुलाबी लुगड्यांत ओळीनं वाकलेल्या दिसतात आणि त्यांच्या वयाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. आमच्या मध्यमवर्गी घरांत मात्र पन्नाशीनंतर बाईनं हळूहळू पुसट व्हायचं असतं. पूर्वी नवरा बायकोपेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठा असायचा, त्यामुळे म्हातारी बाई बहुधा विधवाच असायची. तिच्या अंगावरचं वैधव्य आपण वय म्हणून ओळखायला लागलो, असं मला वाटतं. आता नवरा शेजारी धडधाकट बसलेला असतानाही बाई दुकानात 'जरा सोबर दाखवा' म्हणते, तेव्हा ती ते वैधव्य आगाऊच नेसत असते. रंगाचा स्वतःचा काहीच दोष नाही. केशवपन केलेल्या बाईला नेसायला लावत ते आलवण तर लालच असायचं.

आत्याला एक नाव फार प्रिय होतं, कमलाताई होस्पेट. त्या स्वतः बालविधवा. १९२१ साली वेणूताई नेने यांच्या साथीनं त्यांनी नागपुरात मातृसेवा संघ उभा केला. आत्याची लेकरं तिथेच जन्मलेली. विधवेला डोहाळजेवणाला बोलवत नाहीत, ओटी भरू देत नाहीत, हा विषय निघाला की आत्या म्हणायची, "न् या गावची किती लेकरं पहिल्यांदा त्या बाईच्याच हातात आली, पाह्य. कोणाला अपशकुन झाला?"

ती जबरदस्ती मात्र कुणावर करत नसे. माझ्या सासूबाई आयुष्यभर राखाडी नेसल्या. मी त्यांच्यासाठी अंजिरी आणायचा हट्ट धरला, तर म्हणाल्या, "मला हाच आवडतो गं." आत्याला सांगितलं तर ती मलाच रागावली. आवडीनं नेसत असतील तर राखाडीही रंगच आहे, राहू दे त्यांना, म्हणाली. गिऱ्हाईक घुटमळलं की ती पदर दारात, उन्हात न्यायची आणि एकच विचारायची, "कोणासाठी घेता?" लोकांसाठी असं उत्तर आलं की ती साडी गुपचूप गठ्ठ्यात परत जायची.

मी पन्नाशीत असताना माझे यजमान गेले. तेराव्याला माहेरच्यांनी दुखवट्याच्या साड्या आणल्या. बदामी, मोतिया, राखी. मनानं वाईट कुणीच नव्हतं. आत्या तेव्हा ऐंशीच्या घरात होती. तिनं पिशवीतून करवती काठाचं टसर काढलं. ही विणाई आमच्या विदर्भाची, भंडाऱ्याकडच्या मोहाडी-आंधळगावची. तीन धोटे चालतात, दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. काठाचं आणि अंगाचं सूत प्रत्येक फेरीला एकमेकांत अडकवत जावं लागतं, तेव्हा कुठे ते करवतीचे दाते उमटतात. अंग पिवळं होतं, काठ कुंकवासारखा लाल.

खोलीत सगळे गप्प झाले. माझी वहिनी हळूच म्हणाली, "आत्याबाई, लोक काय म्हणतील?"

"जवाई गेले," आत्या म्हणाली, "पोट्टी जिती हाये." आणि माझ्याकडे वळून, "नेस वं."

मी आत जाऊन ते नेसले. निऱ्या घालताना हात थरथरत होते म्हणून तिनंच त्या खोचून दिल्या, लहानपणी परकराची गाठ मारून द्यायची तशा. बाहेर आल्यावर मला पाहून दोघी-तिघी रडल्या. माझा मुलगा पुढे झाला आणि म्हणाला, "आई, बस इथे."

ती गेली त्याला आता काही वर्षं झाली. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ठराव केला, की नवरा गेल्यावर कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. ती बातमी वाचली तेव्हा तिची फार आठवण झाली. बांगडी फोडतात ती सगळ्यांच्या देखत, म्हणून तिच्याविरुद्ध ठराव तरी करता येतो. रंग वर्षावर्षांनी, प्रेमानं काढून घेतला जातो, आणि काढून घेणारी माणसं आपलीच असतात. त्यामुळे माणसागणिक, साडीगणिकच त्याच्याशी झगडावं लागतं.

आमच्या शेजारच्या काकूंचे यजमान गेल्या आठवड्यात वारले. परवा तेरावा आहे. काल मुलाला घेऊन गांधीबागेत जाऊन आले. काकूंना गर्द हिरवा आवडतो, हे मला माहीत आहे. तसा मनाजोगा मिळाला नाही, म्हणून डाळिंबी घेतली आहे.