कुणासाठी तरी ठेवलेली कॉफी



जुबिली वर्षात, २०२५ साली, आमच्या धर्मग्रामातले आम्ही अकराजण रोमच्या यात्रेला गेलो होतो. पवित्र दारातून आत गेलो, चारही महामंदिरांत प्रार्थना केली. ते सगळं परत आल्यावर तुम्हाला सांगून झालं आहे. पण मध्ये एक दिवस आम्ही नेपल्सला गेलो होतो, त्याबद्दल फारसं बोललो नाही. त्याला कारण आहे, आणि ते आज सांगायचं आहे.

रोमहून वेगवान गाडीने नेपल्स सव्वा तासावर. तिथे आपल्याच भागातल्या एक सिस्टर सेवा करतात. त्या स्टेशनवर घ्यायला आल्या आणि म्हणाल्या, “आधी बारमध्ये जाऊ.” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सिस्टर हसल्या. तिकडे कॉफीच्या दुकानालाच बार म्हणतात.

कॉफी उभ्याउभ्या प्यायची. कप एवढा लहान की आपल्याकडे औषध द्यायला वापरावा, पण त्या दोन घोटांत अंगात तरतरी येते. सोबत पाण्याचा छोटा ग्लास. आणि ‘स्फोल्यातेल्ला’ नावाचा शिंपल्याच्या आकाराचा गरम पदार्थ: बाहेर खारीसारखे पापुद्रे, आत ताजं मऊ रिकोटा चीज, रवा आणि संत्र्याच्या सालीचा मुरंबा. आमच्यातल्या मावशींना तो इतका आवडला की त्यांनी एक रुमालात बांधून घेतला.

तेवढ्यात एक गृहस्थ आले, एक कॉफी प्यायले आणि पैसे दोन कॉफींचे देऊन निघून गेले. दुकानदार चुकला असं आम्हाला वाटलं. सिस्टरांनी सांगितलं, “चुकला नाही. याला ‘सोस्पेजो’ म्हणतात, ठेवलेली कॉफी. ही नेपल्सची जुनी रीत आहे. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो दारात येऊन विचारतो, ठेवलेली कॉफी आहे का? असली तर त्याला मिळते.”

मावशी रुमालाची गाठ मारता मारता म्हणाल्या, “म्हणजे घेणाऱ्याला देणाऱ्याचं तोंड बघावं लागत नाही.”

आम्ही गप्प झालो. का ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आदल्या नाताळात आम्ही गरजू घरांना शिधा वाटला होता. तांदूळ, डाळ, तेल, साखर. देताना फोटो काढले, धर्मग्रामाच्या ग्रुपवर टाकले. एका फोटोत एक विधवा बहीण होती. पिशवी घेताना तिने पदर तोंडावर ओढला होता. तिच्या मुलाच्या वर्गातल्या कुणीतरी तो फोटो शाळेत दाखवला. त्यानंतर ती मिस्साला आली नाही. आम्ही म्हणत राहिलो, “लोकांना उपकाराची जाणीव नसते.”

पुढे चालू लागलो. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या गॅलऱ्यांतले कपडे एकाच दोरीवर असावेत असं वाटतं. खाली स्कूटरींची गर्दी, कोपऱ्याकोपऱ्यावर मारिया माउलीचे छोटे देव्हारे, ताजी फुलं, दिवे. दुपारी कागदात चौघडी करून दिलेला गरम पिझ्झा हातात घेऊन रस्त्यातच जेवलो. जेवता जेवता सिस्टरांनी गॅलऱ्यांकडे बोट दाखवलं. २०२० च्या टाळेबंदीत लोकांनी दोरीने टोपल्या खाली सोडल्या होत्या. त्यांत पाव, पास्ता, डबे. वर चिठ्ठी असायची, तिचा अर्थ असा की ज्याला शक्य आहे त्याने ठेवावं, ज्याला शक्य नाही त्याने घ्यावं.

त्यांनी आम्हाला जेझू नुओव्हो या चर्चमध्ये नेलं. तिथे संत जुझेप्पे मोस्काती यांचे अवशेष आहेत. हे डॉक्टर होते. १९२७ साली वारले, १९८७ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना संतपद दिलं. गरिबांकडून ते पैसे घेत नसत. त्यांच्या दवाखान्यात एक टोपी ठेवलेली असे. ज्याला जमेल त्याने तीत घालावं, ज्याला गरज असेल त्याने घ्यावं. त्या टाळेबंदीतल्या टोपल्या ऐकून आम्हाला हीच टोपी आठवली. चर्चमधल्या त्यांच्या पुतळ्याचा हात भाविकांनी धरून धरून गुळगुळीत केला आहे. आम्हीही तो धरला.

तिथून थोड्या अंतरावर, त्रिबुनाली रस्त्यावर, पियो मोंते देल्ला मिझेरिकोर्दिया ही संस्था आहे. १६०२ साली सात तरुण सरदारपुत्रांनी ती सुरू केली. दर शुक्रवारी ते असाध्य रोग्यांच्या इस्पितळात जाऊन सेवा करत. पुढे तीनशे वर्षांनी मोस्काती त्याच इस्पितळात डॉक्टर होते. संस्थेच्या चर्चमध्ये मुख्य वेदीवर काराव्हाज्जोने १६०७ साली काढलेलं चित्र आहे, दयेची सात कृत्यं. रोममध्ये एका माणसाचा जीव घेऊन तो नेपल्सला पळून आला होता. ज्याला स्वतःला दया हवी होती त्याच्याच हातून प्रभूने हे करून घेतलं.

चित्रात रात्रीची गल्ली आहे, आम्ही नुकतीच ओलांडली तशीच. एक स्त्री तुरुंगाच्या गजांतून म्हाताऱ्याला दूध पाजते आहे. एक तरुण आपला झगा कापून उघड्या माणसाला देतो आहे. तो माणूस जमिनीवर बसला आहे, पाठ आपल्याकडे करून. मागे एकाला पुरायला नेत आहेत, त्याचे फक्त पाय दिसतात. वरून मारिया माउली बाळाला घेऊन पाहते आहे.

ती पाठ आणि ते पाय पाहून आम्हाला तो पदर आठवला. दान करताना उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये, असं प्रभू म्हणाला. आम्ही ते संबंध ग्रुपला कळवलं होतं. उपाशी, उघडा, आजारी यांच्यात मीच आहे, असंही तो म्हणाला. मग त्या दिवशी आम्ही कुणाचा फोटो काढला होता?

परत आल्यावर फोटो काढून टाकले. आता गावातल्या किराणा दुकानात आम्ही पैसे ठेवतो. गरज असेल त्याने जाऊन सामान घ्यायचं. वहीत नाव लिहायचं नाही. आमच्या बैठकीत यावर वाद झाला. “उद्या कुणीही येऊन घेऊन जाईल.” खरं आहे, जाईलही. मोस्कातींच्या टोपीवरही पहारा नव्हता.

त्या बहिणीच्या घरी आम्ही तिघं माफी मागायला गेलो. तिने “बसा” म्हटलं, चहा केला. फोटोबद्दल एक शब्द बोलली नाही. रविवारी ती अजून येत नाही. तिची बाकावरची जागा आम्ही मोकळी ठेवतो आणि वाट पाहतो.

हे प्रभू, आम्हाला द्यायला शिकव आणि देऊन बाजूला व्हायलाही शिकव. आमच्यामुळे ज्यांची मान खाली गेली, त्यांची मान तू वर कर. आमेन.